निनावी पत्राची कुळकथा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला ‘निनावी ई-मेलचा उपद्रव आणि खासगीपणाचा हक्क’ हा विषय सुचविला, तेव्हा आम्ही जरा चाचरलो. आम्ही संगणकाचे पंडित नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. पण या कचेरीत आम्ही एक गोष्ट पुष्कळ पाहिली आहे, ती म्हणजे सही नसलेले पत्र. ई-मेल हे शेवटी पत्रच. कागद गेला, पाकीट गेले, तिकीट गेले. लिहिणारा, वाचणारा आणि मधला टपालवाला हे तिघे मात्र जागच्या जागी आहेत. तेव्हा या तिघांचा जुना इतिहास चाळला तर आजच्या पेचावर थोडा उजेड पडेल, अशा समजुतीने आम्ही उभे आहोत.

पेच काय आहे तो आधी पाहू. १ मे २०२४ रोजी सकाळी दिल्ली व आसपासच्या शंभराहून अधिक शाळांना बॉम्ब ठेवल्याची ई-मेल आली. आईबाप धावत सुटले, पोरे रस्त्यावर आली, आणि बॉम्ब कोठेच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमानांविषयी अशाच धमक्यांचे सत्र चालले, आणि त्यातील काही ई-मेलच्या मागे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील एक इसम असल्याचे नागपूर पोलिसांनी तपासाअंती सांगितले. असे काही घडले की लोक रागाने म्हणतात, “नाव न सांगता पत्र पाठविण्याची सोयच बंद करा!” राग खरा आहे. पण ही सोय बंद केली तर कोणाचे तोंड बंद होईल, हा प्रश्न रागाच्या भरात विचारला जात नाही. तो आज शांतपणे विचारू.

निनावी पत्र ही फार जुनी वस्तू आहे असे आपल्याला वाटते, पण आजच्या स्वरूपात ती तितकी जुनी नाही. आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदांचा सांभाळ व्हावा म्हणून १९२७ साली हे मंडळ निघाले. मराठेशाहीतील कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या पत्रांत माथ्यावर शिक्का असे, शेवटी मोर्तब असे, आणि पत्र घेऊन येणारा जासूद समोर उभा असे. पत्रावर नाव नसले तरी जासुदाला तोंड होते. त्याला बसवून विचारता येई. म्हणजे पत्र खोटे असू शके, फिरविलेले असू शके. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण आणणाऱ्यावाचून येणारे पत्र विरळाच.

हे बदलले १८५४ साली. त्या वर्षी हिंदुस्थानात टपालाचा नवा कायदा झाला आणि अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. हलके पत्र असेल तर अंतर कितीही असो, दर तोच. पुढे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. भिंतीला टांगलेली तांबडी पेटी, पाव आण्याचा खर्च, आणि पाठविणाऱ्याचे नाव विचारणारा कोणी नाही! पेटीत पत्र टाकणाऱ्याला सरकारने चेहरा मागितला नाही. शिक्क्यावरून फार तर गाव कळे. ही केवढी मोठी मोकळीक होती हे आपल्या ध्यानातही येत नाही, इतकी ती अंगवळणी पडली. निनावी ई-मेल हे काही नव्याने उगवलेले भूत नाही. तांबड्या पेटीने दिलेली मोकळीकच विजेच्या तारेवर चढली आहे.

या मोकळिकीने महाराष्ट्राला काय दिले ते पाहा. टपालाच्या तिकिटापूर्वीच, १८४८ सालापासून, मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. १८५० पर्यंत ती शंभरावर गेली. भटशाही, बालविवाह, विधवांचे हाल, आळस, अज्ञान, यांवर इतके कठोर शब्द मराठीत तोवर कोणी छापले नव्हते. लिहिणारा होता पंचविशीतला, सरकारी नोकरीतला गोपाळ हरी देशमुख. त्याने पहिल्या पत्राखाली आपले नाव घातले असते तर दुसरे पत्र निघाले असते काय? आणि ‘प्रभाकर’चे संपादक भाऊ महाजन यांनी अशा मजकुराला पाठीशी घातले नसते तर ती शतपत्रे आपल्याला कोठून मिळती?

दुसरे उदाहरण एका मुलीचे. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. नवरा दादाजी भिकाजी याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. तो दावा चालू असतानाच, १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या सहीने दोन पत्रे आली. एक बालविवाहावर, दुसरे लादलेल्या वैधव्यावर. त्या रखमाबाईंनीच लिहिल्या होत्या. १८८७ साली कोर्टाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले; त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि त्या वादळातूनच १८९१ चा संमतिवयाचा कायदा पुढे आला. नाव न घालणारी माणसे भित्री असतात असे जे म्हणतात, त्यांनी तुरुंगाला तयार झालेल्या या बाईकडे पाहावे. भर कोर्टात उभी राहणारी बाईसुद्धा वर्तमानपत्रात नाव झाकते, कारण कोर्टाची शिक्षा मोजून मिळते, जातीची आणि गल्लीची शिक्षा मोजून मिळत नाही.

पण याच काळात दुसरी बाजूही घडली, आणि ती सांगितली नाही तर आम्ही वकिली केली असे होईल. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे अशी बोलवा होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका येईल अशी काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली आणि त्यांच्या भरवशावर त्यांनी लिहिले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. आता यातील चटका लावणारी गोष्ट पाहा. महाराजांचे हाल खोटे नव्हते. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे तक्रार खरी होती. पण तिच्या पाठीशी जो कागद उभा केला तो खोटा होता, आणि खोट्या कागदाने खऱ्या तक्रारीचा घात केला. कोणाकडून आले, कसे आले, हे न तपासता छापलेल्या पत्राची ही किंमत.

पंधरा वर्षांनी तेच टिळक पुन्हा कोर्टात उभे राहिले. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. खाली भवानी तलवारीची खूण होती, कवीचे नाव नव्हते. आठवड्याने रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि राजद्रोहाच्या खटल्यात त्या अंकातील मजकूर टिळकांविरुद्ध पुरावा झाला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. शिक्षा झाली दीड वर्षाची, आणि ती भोगली संपादकाने.

या साऱ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या तर एक नियम हाती लागतो. १८६७ साली छापखान्यांचा कायदा झाला. त्यात प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि छापण्याचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. पण लेख कोणी लिहिला हे छापण्याची सक्ती मात्र त्यात नव्हती. परक्या सरकारचा कायदा, हेतू पाळत ठेवण्याचा. तरी त्यातून एक शहाणी व्यवस्था नकळत उभी राहिली. लिहिणारा पडद्याआड राहू शकतो, पण पडदा धरणारा उघडा असला पाहिजे. भाऊ महाजन पडदा धरीत होते, टिळक पडदा धरीत होते. पडदा धरणारा चुकला तर त्याने डोंगरीला जावे, आणि पडद्यामागच्याचे रक्षण करायचे असेल तरी त्यानेच जावे. नाव झाकावे, जबाबदारी झाकू नये, असा हा नियम आहे.

आता पडद्यामागे हात घालणाऱ्यांचाही इतिहास आहे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने सार्वजनिक संकट वा सुरक्षिततेच्या नावाखाली पत्रे अडविण्याची मुभा सरकारला दिली. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकला. २०२३ साली नवा टपाल कायदा झाला, त्यातही अडविण्याचा अधिकार राहिलाच. १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात होते. दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या पवित्र स्मृतीबरोबर हेही आठवावे की बंदिवानाचे पत्र अधिकाऱ्याने वाचल्यावाचून बाहेर पडत नसे. प्रत्येक पत्र वाचले जाणे, ही तुरुंगाची खूण आहे. ती गावाची खूण होऊ नये.

येथे आमच्या स्वतःच्या अनुभवातील दोन पत्रे सांगणे भाग आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी खानदेशातील एका जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्याला जाळी नव्हती. एका कामगाराने सही न करता वरच्या कचेरीला पोस्टकार्ड टाकले. ते कार्ड फिरत फिरत मालकाच्या टेबलावर आले. हजेरीपुस्तकातील सह्यांशी अक्षर ताडून पाहिले गेले आणि आठ दिवसांत त्या माणसाला काम नाही असे सांगण्यात आले. जाळी मात्र बसली नाही. ती बसली पुढच्या हंगामात, एका पोराची बोटे गेल्यावर.

दुसरे पत्रही सही नसलेलेच. ते आमच्याच संघटनेला आले. त्यात कामावरच्या एका बाईच्या चालचलणुकीवर किटाळ होते. आम्ही ते पत्र फाडून टाकायला हवे होते. निदान मिटून ठेवायला हवे होते. आम्ही ते कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वस्तीत झाले. ती बाई काम सोडून माहेरी गेली आणि पुढे कळले की एका जागेच्या भांडणातून कोणीतरी सूड उगवला होता. लिहिणाऱ्याचे पाप त्याच्याकडे. पण त्याच्या विषाला भांडे दिले ते आम्ही. ही गोष्ट आम्ही आजवर सभेत कधी बोललो नव्हतो.

दोन्ही पत्रे निनावीच. मग फरक कशात? पहिले पत्र वस्तूविषयी होते. कोणीही जाऊन जाळी आहे की नाही ते पाहू शकत होता. दुसरे माणसाविषयी होते, आणि त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते, फक्त मानण्यासारखे होते. पहिले दुबळ्याने बलवंताविरुद्ध लिहिले होते, दुसरे लपलेल्याने उघड्या पडलेल्या बाईविरुद्ध. तेव्हापासून आम्ही एक रीत घालून घेतली: निनावी पत्र हे जाऊन पाहण्याचे कारण होऊ शकते, कोणालाही शिक्षा करण्याचे कारण होऊ शकत नाही.

कामगार कायद्याने ही गोष्ट आमच्या आधी ओळखली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४७ साली निरीक्षणाविषयी ८१ क्रमांकाचा करार केला आणि भारताने तो १९४९ साली मान्य केला. तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने पूर्ण गुप्त ठेवावे, इतकेच नव्हे, तर आपण तक्रारीवरून आलो आहोत हेही मालकाला सांगू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात असे कलम १९८७ साली आले. कागदावर असलेले हे कलम त्या पोस्टकार्डाच्या वेळी पाळले गेले असते, तर एका माणसाची नोकरी आणि एका पोराची बोटे वाचली असती.

आता विजेच्या पत्राकडे येऊ. साधी ई-मेल जाते तेव्हा वाटेतील प्रत्येक यंत्र तिच्यावर आपला शिक्का मारते, टपालाच्या ठशासारखाच. निनावी सेवा म्हणजे असा मधला गृहस्थ, जो जुने पाकीट काढून नव्या पाकिटात पत्र घालतो. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस नावाच्या गृहस्थाने १९९३ साली अशी सेवा उघडली. पत्र आले की तो पाठविणाऱ्याला एक क्रमांक देई आणि खरे पत्ते यादीत ठेवी. छळ सोसलेल्या, व्यसनातून सुटू पाहणाऱ्या, सत्तेला भिणाऱ्या अनेकांनी तिचा आसरा घेतला, तसा उपद्व्यापी लोकांनीही घेतला. १९९५ साली एका पंथाच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्याच्याकडून एका माणसाचे नाव घेतले. १९९६ च्या ऑगस्टात त्याने सेवा बंद केली. तेव्हा तिचे सुमारे सात लाख वापरणारे होते. एका नावासाठी सात लाखांचा पडदा पडला. त्याने पडदा धरण्याचे काम एकट्याने केले, पण कोणत्या हुकमाला मान द्यावी आणि कोणत्याला देऊ नये हे ठरविणारा पक्का कायदा तेव्हा त्याच्या पाठीशी नव्हता.

पुढच्या पिढीतील सेवांनी पत्रालाच कुलूप घातले, म्हणजे मधल्याला मजकूर वाचताच येत नाही. तरीही माग अजिबात लागत नाही असे नाही. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन मेल या सेवेला २०२१ साली तिथल्या अधिकाऱ्यांच्या हुकमावरून एका खातेदाराचा संगणकी पत्ता द्यावा लागला. तो खातेदार फ्रान्समधील हवामान चळवळीतला कार्यकर्ता निघाला. म्हणजे कुलपाची किल्ली बॉम्बच्या धमकीला लागते, तशी आंदोलनालाही लागते. आपल्याकडे २९ एप्रिल २०२५ रोजी, एका कंपनीतील स्त्रियांविषयी या सेवेवरून घाणेरडी पत्रे आल्याच्या प्रकरणात, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती सेवा भारतात बंद करण्याची कारवाई सुरू करावी असा आदेश दिला. त्या स्त्रियांचे दुःख आम्ही कमी लेखीत नाही. त्या वस्तीतल्या बाईचे तोंड अजून आमच्यासमोर आहे. पण विषारी पोस्टकार्ड आले म्हणून तांबडी पेटी उखडून न्यावी काय?

मग करावे काय? आमच्या अल्पबुद्धीला पाच गोष्टी सुचतात.

पहिली, वेगाला लगाम. तक्रार करणाऱ्या कामगाराला एक पत्र पुरते. शाळांना धमकावणाऱ्याला शंभर लागतात. नव्या खात्यावरून दिवसाला मोजकीच पत्रे जातील असे केले तर नाव न विचारताही उपद्रवाचे पाय बांधले जातात.

दुसरी, दार लावण्याचा हक्क. ज्याला निनावी पत्र नको त्याला एका खुणेसरशी ते नाकारता आले पाहिजे.

तिसरी, तक्रार खरी निघाली तर ते खाते बंद करावे. त्यासाठीही नाव लागत नाही.

चौथी, नाव उघडण्याची वेळ आलीच तर ती कायद्याच्या चौकटीत. नाव लपवून धमकी देणे हा १८६० च्या दंडसंहितेतही वेगळा गुन्हा होता, कलम ५०७. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमात आहे. कायदा नाही अशी ओरड करण्याचे कारण नाही. जिवाची धमकी, खंडणी, मुलांवरील वा स्त्रियांवरील अत्याचार अशा नेमक्या गुन्ह्यासाठी, एका नेमक्या खात्यापुरता, न्यायाधीशाच्या लेखी हुकमाने पडदा दूर करावा आणि त्याची नोंद राहावी. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. हक्काला अपवाद असतो. पण अपवादालाही हद्द असते. २०२२ च्या एप्रिलात सरकारी आदेश निघाला की आडमार्गी जाळ्यांची सेवा देणाऱ्यांनी सर्व ग्राहकांची नावे पाच वर्षे जपावीत. एका चोरासाठी साऱ्या गावाचे हजेरीपुस्तक ठेवण्याची ही रीत आम्हाला पटत नाही. हजेरीपुस्तकाशी अक्षर ताडून काय होते, ते आम्ही पाहिले आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. नाव सांगणाऱ्याला निर्भय करा. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ साली थेट पंतप्रधानांच्या कचेरीला लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते नाव कचेरीकचेरीतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. खटल्यात तो लुटीतला खून ठरला. पण झाकायचे नाव झाकले गेले नाही, हे डाग धुऊन निघत नाहीत. त्यानंतर २००४ साली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटाची रीत सुरू झाली: पाकिटावर नाव नाही, आत नाव आहे, आणि ते आयोगापाशीच राहते. पुन्हा तोच पडदा धरणारा! २०१४ साली अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला, पण तो अमलात आणण्याची तारीख काही उगवली नाही. ती उगवली तर निम्मी निनावी पत्रे आपोआप थांबतील, कारण निम्मे लोक खोडी म्हणून नव्हे, तर भीती म्हणून नाव झाकतात.

या उपायांनी प्रत्येक बदमाश सापडेल असे आम्ही म्हणत नाही. काही सुटतील. परदेशातील सेवा उत्तर द्यायला उशीर करतील, शाळा पुन्हा एखाद्या सकाळी रिकाम्या कराव्या लागतील. ही किंमत आहे आणि ती आईबापांना मोजावी लागते, हे आम्ही विसरत नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. त्या पारड्यात लोकहितवादी आहेत, रखमाबाई आहेत, आणि यंत्राला जाळी नाही एवढेच पाव कागदावर लिहिणारा तो जिनिंगमधला माणूस आहे.

तो माणूस पुढे आमच्या संघटनेत आला. एकदा आम्ही त्याला विचारले, “भाऊ, आता लिहायचे झाले तर सही करशील का?” तो म्हणाला, “दादा, सही करायला मी तयार आहे. ती सांभाळणारा कोण, ते आधी सांगा.”

श्रोतेहो, इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न हाच आहे. आपण सर्वांनी तो आपापल्या घरी न्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.